तंबोरा कोण जुळवणार?

भीमेच्या काठी, पंढरपूर, मंगळवेढा आणि बेगमपूरच्या परिसरात, कडू भोपळ्याचं पीक घेतलं जातं. हा भोपळा खाण्याच्या कामाचा नाही आणि साध्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. फळ धरल्यावर ते एका अंगाला कलून वाढू नये, त्याला खोक पडू नये, बुडाशी पाणी साचून ते कुजू नये, म्हणून शेतकरी महिनोन्‌महिने त्याची राखण करतो. पिकून टणक झालेलं फळ पुढे वाळवत ठेवतात. त्यातली मोठी, गोल, जाड सालीची फळं निवडून मिरजेला जातात. तिथे त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात.

मराठी माणूस संगीताबद्दल बोलतो तेव्हा गायकाबद्दल बोलतो. फार तर त्याच्या गुरूबद्दल आणि घराण्याबद्दल. भोपळा पिकवणारा, तो कापणारा, दांडी जोडणारा आणि घोडीवर जवारी काढणारा या बोलण्यात येत नाहीत. संगीताचं समाजातलं स्थान, शाळेतलं संगीत, संगीताचे संस्कार या विषयांवर आपल्याकडे परिसंवाद भरपूर होतात. पण व्यासपीठावर मागे जो तंबोरा उभा असतो तो कुठून आला आणि कुणी जुळवला, हा प्रश्न तिथे निघत नाही. मला वाटतं, संगीत-शिक्षणाबद्दलची आपली बरीचशी गल्लत इथेच आहे. म्हणून हा लेख मिरजेचा आहे. वाद्य घडवणारे, ते वाद्य घेऊन गाणारे आणि गाण्याच्या परीक्षा घेणारे असे तिघेही एवढ्या जवळजवळ नांदतात असं दुसरं गाव महाराष्ट्रात मला माहीत नाही.

मिरजेत वाद्यं बनू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिद्दीन हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अंमल स्थिरावला तशी तलवारी-भाल्यांची मागणी सरली. संस्थानाच्या दरबारात गायक-वादक येत, त्यांची वाद्यं प्रवासात मोडत आणि दुरुस्तीला उत्तरेत पाठवावी लागत. शिकलगारांनी ती दुरुस्ती हाती घेतली आणि दुरुस्त करता करता नवं वाद्य घडवायला ते शिकले, असा इतिहास मिरजेत सांगतात. पटवर्धन संस्थानिकांचा त्याला आश्रय होता. पुढे या घरांचं आडनावच सतारमेकर झालं आणि गल्लीलाही तेच नाव पडलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

या गल्लीत काम रस्त्यावरूनही दिसतं. भोपळे एकावर एक रचलेले असतात. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, मग त्याला हवा तो आकार देऊन पुन्हा वाळवतात. दांडी आणि भोपळ्याचं तोंड झाकणाऱ्या तबलीला तुणीचं लाकूड लागतं. वजनाला हलकं आणि नादाला चांगलं म्हणून हेच लाकूड धरलं जातं. जोडकाम झालं की नक्षी येते. पूर्वी तिला हस्तिदंत असे, आता सेल्युलॉइड आणि प्लास्टिक असतं. त्यावर लाखेचं पॉलिश चढतं. हे सगळं डोळ्यांना दिसणारं काम आहे आणि ते जपून शिकलं तर येतं. पुढचं काम मात्र कानाचं आहे.

तंबोऱ्याच्या तबलीवर घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार असतो. हा उतार कानसेने इतक्या बारकाईने घासतात की तार छेडल्यावर ती घोडीला हलकी हलकी चाटत राहते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवतात. तो योग्य जागी आला की तार एकदम उघडते आणि तिच्यातून सुरांचा झोत निघतो. यालाच जवारी लागणं म्हणतात. दोरा केसभर पुढेमागे झाला तरी आवाज बसतो. हे मोजायला कारागिराकडे कुठलंही माप नसतं. तो छेडतो, ऐकतो, घासतो, पुन्हा छेडतो.

सी. व्ही. रामन यांना याचं इतकं नवल वाटलं की १९२१ मध्ये त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर शोधनिबंध लिहिला. भौतिकशास्त्राचा जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्यांची गती शून्य असते ते उपस्वर निघणार नाहीत. तंबोऱ्यात आणि वीणेत तेही निघतात, असं रामन यांना आढळलं, आणि त्यांनी त्याचं कारण घोडीच्या वक्र माथ्यात शोधलं. म्हणजे ज्या उताराला कानस लावताना मिरजेचा कारागीर श्वास रोखतो, त्याच उताराने एक पाठ्यपुस्तकी नियम मोडीत काढला होता. रामन यांच्या निबंधाआधी पाऊणशे वर्षं ही घासाई मिरजेत चालू होती.

नीट जुळलेल्या तंबोऱ्यात चारच तारा असतात. एक पंचमाची, दोन जोडाच्या षड्जाच्या, एक खर्जाची. पण ऐकू मात्र चारापेक्षा जास्त येतं. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर हा गंधार असतो. कुणी न छेडता तो आपोआप उमटतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. किराणा घराण्यात या गंधाराला विशेष मान आहे. पेटीवर जो शुद्ध गंधार वाजतो तो या गंधारापेक्षा थोडा चढा असतो. फरक फार नाही, पण तयार कानाला तो ठळकपणे कळतो. गायकाने गंधार लावायचा तो कुठला, या प्रश्नाचं उत्तर तंबोरा रोज देतो. विद्यार्थ्याने ते ऐकायला शिकावं लागतं.

आता शाळेकडे येतो.

विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्म १८७२ चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शिक्षण थांबलं आणि उपचारांसाठी मिरजेला आलेला हा मुलगा गाण्याकडे वळला. मिरजेचे अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांनी त्याची सोय केली आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्याचं शिक्षण सुरू झालं. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती त्यांनी फार सोसून मिळवली होती आणि ते देतही तितक्याच कठोरपणे.

एका समारंभाची हकिकत पलुसकरांच्या चरित्रात हमखास येते. गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं होतं, राजाच्या मर्जीतला म्हणून विष्णु दिगंबरांनाही होतं, पण त्यांच्या गुरूंना नव्हतं. कारण विचारलं तर, ते काय, गवई आहेत, असं उत्तर मिळालं. १८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. त्यानंतरच्या फिरतीत राजकोटला त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. गवयाने दरबाराबाहेर, लोकांच्या पैशावर गाणं ही तेव्हा नवी गोष्ट होती. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. राजाश्रयाशिवाय, लोकांच्या वर्गणीवर आणि आपल्या मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी ती संगीतशाळा होती. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. पुढे तिथली इमारत कर्जापायी गेली, पण तोवर विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य तयार झाले होते. विष्णु दिगंबर २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेतच वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज ते अखिल भारतीय मंडळ आहे, त्याचं नातं मिरजेशी टिकून आहे आणि देशभर त्याची परीक्षा-केंद्रं आहेत.

या कामाचं मोल मी कधीच कमी मानणार नाही. चांगल्या घरातल्या मुलीने गाणं शिकणं हा कलंक होता, तो पुसण्यात गांधर्व महाविद्यालयाचा वाटा फार मोठा आहे. वेळापत्रक, वर्ग, क्रमिक पुस्तकं, स्वरलिपी या साध्या गोष्टींनी गुरूच्या मर्जीवर टांगलेली विद्या फी भरून येणाऱ्या कुणालाही मिळू लागली. त्याच काळात विष्णु नारायण भातखंडे बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तकमालिका छापत होते आणि त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं. दोघांचे स्वभाव आणि मार्ग वेगळे होते. गवयाची मुजोरी आणि गुप्तता मोडायची, हे मात्र दोघांनाही हवं होतं.

पण प्रतिष्ठा मिळवताना काही माणसं दाराबाहेर राहिली. पलुसकरांच्या संस्थेत भक्तीचा आणि राष्ट्रभावनेचा रंग गडद होता, शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलले गेले. ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या हे संगीत गळ्यात जपलं होतं, त्या गाणाऱ्या बायका या नव्या सभ्य वर्गात बसत नव्हत्या. मुसलमान उस्तादांची विद्या वापरली गेली, पण विद्यालयाच्या भाषेत त्यांना जागा कमी राहिली. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. हा हिशेब मांडल्याशिवाय आपल्या संगीत-शिक्षणाचा इतिहास पुरा होत नाही.

मिरजेत मात्र हे विभाजन कधी पूर्ण झालं नाही, आणि त्याचं मोठं श्रेय एका किराण्याच्या माणसाला जातं. अब्दुल करीम खाँ हेही १८७२ चेच. उत्तरेतल्या किराण्याहून बडोद्यामार्गे ते महाराष्ट्रात आले आणि इथलेच झाले. त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं, शिष्यांना घरी ठेवून शिकवलं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. हिराबाई बडोदेकर त्यांच्या कन्या, आणि त्यांचा जन्म मिरजेचा. हिराबाईंचं जाहीर पदार्पण १९२१ मध्ये मुंबईला झालं, तेही विष्णु दिगंबरांच्याच गांधर्व महाविद्यालयात. दोन मिरजकरांच्या वाटा अशा जुळल्या, यात मला फार आनंद वाटतो.

खाँसाहेबांचा कान विलक्षण होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त सरकारी अधिकारी बावीस श्रुतींचा माग काढत होते, आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या जोडीला होते. खाँसाहेब त्यांच्यासाठी स्वर लावत आणि ते तारेच्या लांबीवरून त्यांचं गणित मांडत. देवलांचं पुस्तक १९१० मध्ये निघालं. श्रुती दाखवणारी पेटीही बनली. निष्कर्षांवर भांडणं झाली, भातखंड्यांना ते पटले नाहीत. पण एक गवई, एक निवृत्त अधिकारी आणि एक न्यायाधीश केवळ नीट ऐकण्याच्या कामासाठी एकत्र बसले होते, याचं महत्त्व मला त्या भांडणांपेक्षा जास्त वाटतं. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करत, जवारी काढत. वाद्याला हात लावणं गवयाच्या मोठेपणाला कमीपणा आणतं असं त्यांना वाटलं नाही.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. प्रकृती बिघडली म्हणून ते गाडीतून उतरले, फलाटावर तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना करत गेले, असं सांगतात. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीतोत्सव होतो आणि अनेक कलावंतांनी दोन्हीकडे हजेरी लावलेली असते. हजेरी हाच शब्द, बिदागीचा विचार न करता. समोर बसलेल्यांत राग ओळखणारे असतात, तसेच नुसते नादाने ओढले गेलेले हमाल आणि भाजीवालेही असतात. रात्र चढत जाते आणि कुणी कुणाला समजावून सांगत नाही. माझ्या मते महाराष्ट्रातलं फार मोठं संगीत-शिक्षण असंच बसल्या बसल्या झालेलं आहे.

वारकऱ्यांचंही तसंच. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथे आजही मुलं कीर्तन आणि मृदंग शिकतात. पण संस्थेच्या कितीतरी आधीपासून पोरगं बापाच्या शेजारी टाळ घेऊन उभं राहत आलं आहे. त्याला कुणी मात्रा मोजायला सांगत नाही. चुकीच्या ठिकाणी टाळ पडला की शेजारचा नुसता बघतो, तेवढ्याने ते सुधारतं. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी जो समाज जागा केला, त्यानेही गाणं असंच, घोळक्यात उभं राहून घेतलं. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जावर या लोकांची नावं फारशी नसतील. गाणं मात्र त्यांच्या घरात होतं.

मग आजच्या वर्गात काय चाललं आहे?

क्लासेस भरलेले आहेत. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत परीक्षांची शिडी आहे आणि हजारो मुलं ती चढत असतात. राज्याच्या दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून अर्ज भरणारे आणखी वाढले. गुणांसाठी का होईना, मूल यमन शिकतं, हे वाईट नाही. बहुतेक मराठी शाळांत स्वतंत्र संगीत-शिक्षक नसतो. परिपाठाची प्रार्थना, पंधरा ऑगस्टचं समूहगीत आणि स्नेहसंमेलन एवढंच संगीत तिथे उरतं. अशा स्थितीत खासगी क्लास आणि मंडळाची परीक्षा हाच अनेक मुलांचा रागसंगीताशी येणारा एकमेव संबंध असतो. त्यामुळेच तिथे काय शिकवलं जातं, याला फार महत्त्व आहे.

आणि तिथे तंबोरा नाही. असलाच तर कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो, तारा सैल सोडलेल्या. वर्ग चालतो पेटीवर. मूल स्वर लावतं तो पेटीच्या पट्टीला चिकटवून, आणि मागे फोनमधला तंबोरा सुरू असतो. आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं पेटीवर बंदी घातली होती. ती बंदी मला पटत नाही, पेटीने नाट्यसंगीताला आणि भजनाला जे दिलं ते मोठं आहे. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याशीही माझं वैर नाही. बंगळूरच्या राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास तो बनवला, आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, लोकलने प्रवास करणाऱ्या, मदतीला कुणी नसलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांची त्यामुळे रियाजाची सोय झाली. परदेशात राहून मुलांना गाणं शिकवणाऱ्या मराठी आईबापांना तर दुसरा मार्गही नसतो.

अडचण वेगळीच आहे. यंत्राचा तंबोरा आधीच जुळलेला येतो. बटण दाबलं की सूर हजर. तंबोरा जुळवताना जे घडतं ते मग घडतच नाही. खुंटी पिळायची, थोडी जास्त झाली म्हणून उतरवायची, मणी सरकवून बारीक फरक काढायचा, दोन जोड एक होईपर्यंत थांबायचं. जवळ येताना दोन तारांमध्ये एक थरथर ऐकू येते, ती मंद होत जाते आणि एका क्षणी नाहीशी होते. बेसूर म्हणजे काय, हे ज्याने त्या थरथरीत स्वतः ऐकलं आहे, त्याला पुढे कुणी सांगावं लागत नाही. ज्याने ऐकलेलं नाही, तो गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघत गातो. लय, ताना, बंदिशी पाठ करता येतात. सुरेलपणा पाठ होत नाही, त्याला आपला स्वतःचा निवाडा लागतो आणि तो निवाडा हाताने जुळवण्यात तयार होतो. विद्यार्थ्याला दुसऱ्यावर अवलंबून न ठेवणं हेच शिक्षणाचं काम असेल, तर आपण अगदी पहिलं साधन त्याच्या हातून काढून घेतलं आहे.

याची झळ थेट सतारमेकर गल्लीपर्यंत पोचते. हातात तंबोरा घेणारेच कमी झाले तर जवारी काढणाऱ्याकडे येणार कोण? हे काम शिकायला वर्षं लागतात, उत्पन्न बेताचं असतं आणि कारागिरांची पुढची पिढी नोकरीकडे बघते, त्यात नवल नाही. मानांकनाने नकली माल ओळखता येईल, चार ऑर्डरी वाढतील. पण जवारीची पारख करणारे कान गिऱ्हाइकाकडे उरले नाहीत, तर चांगली आणि बरी यातला फरक विकता येणार नाही. भोपळ्याचंही तेच. ऊस पाणी पितो आणि हमखास पैसा देतो. महिनोन्‌महिने कडू फळाची राखण करणारा शेतकरी कुणाच्या भरवशावर ते करणार?

उपाय अवघड नाहीत. ते करणारी सगळी माणसं तर एकाच गावात आहेत. मंडळाच्या वरच्या परीक्षांत तंबोरा जुळवता येणं अपेक्षित असतं. ते खाली, अगदी प्रवेशिकेपासून आणावं. दहा वर्षांच्या मुलाला चारही तारा जुळवता येणार नाहीत, पण जोडाच्या दोन तारा एक झाल्या की नाहीत एवढं त्याला सांगता येतं, आणि त्यावर गुण ठेवता येतात. प्रत्येक परीक्षा-केंद्रावर एक तरी चांगल्या जवारीचा तंबोरा असावा, तो मिरजेहून घ्यावा, आणि परीक्षांच्या हंगामाआधी मिरजेचा कारागीर त्या त्या जिल्ह्यात फिरून वाद्यं लावून यावा. मिरजेचे कारागीर पूर्वीपासून अवजारांची पेटी घेऊन मोठ्या शहरांत दुरुस्तीला जात आले आहेत, त्यामुळे यात नवीन शिकण्यासारखं काही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांना संगीत-शिक्षक कधी मिळतील तेव्हा मिळोत. चार-पाच शाळांत मिळून एक तंबोरा फिरवता येतो, आणि परिपाठाच्या प्रार्थनेआधी दोन मिनिटं तो वाजवता येतो. कारागिराने मुलांसमोर बसून जवारी काढावी, दोरा सरकवावा, आवाज उघडताना त्यांना ऐकू द्यावा. त्यासाठी त्याला मानधन द्यावं, व्याख्यात्याला देतो तेवढं, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव गायकाच्या नावाखाली नाही तर शेजारी छापावं.